लाकडी घाण्याचं करडई तेल: आठ महिने वापरल्यावर

तेल चांगलं आहे, जरूर घ्या. दुकानाच्या भिंतीवर जे लिहिलंय त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. दोन्ही गोष्टी अनुभवाने लिहितेय, आणि दुसरी शिकताना आमच्या घरावर मोठं संकट येता येता राहिलं.

मी सोलापूरची, वय ६६. घरात आम्ही दोघंच. हे ७२ वर्षांचे, बाजार समितीत मापाडी होते. २०१९ मध्ये ह्यांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी नळी) बसवला, तेव्हापासून रात्री जेवल्यावर कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. गेल्या डिसेंबरात माझंही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ आलं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी कोलेस्टेरॉल चढतं. ते नीट निघालं. मग म्हणाले, "काकू, चार महिने खाण्याकडे बघा, गोळीचं नंतर ठरवू."

तोवर माझ्या स्वयंपाकघरात पामतेल होतं. दिवाळीला आनंदाच्या शिध्याच्या पिशवीत मिळायचं ते, आणि ते संपलं की वाण्याकडून तेच. स्वस्त पडतं, वास नसतो, पुऱ्या छान फुगतात. त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, म्हणजे रक्तातलं एलडीएल वाढवणारी, हे मला ठाऊक नव्हतं. करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्याही आत असते. थोडक्यात, तेल बदलायचं हा निर्णय बरोबर होता. संक्रांतीनंतर आम्ही दोघं घाण्यावर गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि माणूस मनाने वाईट नाही. घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. आत दोन लाकडी घाणे. बैलाच्या जागी मोटार आली आहे, पण लाट, म्हणजे घाण्यातला लाकडी दांडा, फिरते सावकाश, तिच्या जुन्या चालीनेच. दारातून आत पाऊल टाकलं की तो वास येतो. माझं माहेर बार्शीकडचं. ज्वारीच्या रानाला चारी बाजूंनी करडईच्या ओळी असायच्या, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. काढणीला बाया पहाटेच निघायच्या, हातापायांना फडकी गुंडाळून, कारण दव असतं तोवर काटे मऊ असतात; ऊन चढलं की करडईला हात लावायची सोय नाही. आई परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला तोच वास असायचा. साठ वर्षांनी तो मला एका दुकानात भेटला. तेल चांगलं म्हणण्यात त्या वासाचा थोडा वाटा असेल, हे आधीच सांगून ठेवते.

हे मात्र वासावर जाणारे नाहीत. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातले दाणे वर काढले, एक दाताखाली फोडला. आयुष्यभर तेच केलेलं. मग मालकाला विचारलं, "मंगळवेढ्याचा माल का?" तो म्हणाला, "हो काका, थेट शेतकऱ्याकडून." दाणा भरलेला होता, माती-खडा नव्हता, ओल नव्हती. ह्यांनी मान हलवली.

भाव ३८० रुपये लिटर. मला जास्त वाटला. घरी आल्यावर ह्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. करडईचा हमीभाव तेव्हा, २०२५-२६ च्या हंगामाचा, क्विंटलला ५,९४० रुपये होता. लाकडी घाण्यावर शंभर किलोला सत्तावीस-अठ्ठावीस किलो तेल उतरलं तर चांगलं, म्हणजे साधारण तीस लिटर. नुसत्या दाण्याचेच लिटरमागे दोनशे रुपये झाले. त्यावर निवडणं, गाळप, वीज, बाटली, जागेचं भाडं. पेंडीचे थोडे परत येतात, पण करडईची पेंड टरफलासकटची, तिला शेंगदाण्याच्या पेंडीसारखा भाव नाही. "३८० ला तो लुटत नाही," हे म्हणाले. "पण कुणी दोनशे रुपयांना घाण्याचं करडई तेल देऊ लागला, तर त्यात काय आहे ते त्यालाच विचार." आठवडी बाजारात असं तेल मी नंतर पाहिलं, आणि घेतलं नाही.

चवीबद्दल. गरम भाकरी कुस्करायची, त्यावर शेंगांची चटणी आणि वरून कच्चं करडई तेल एक चमचा. पिठल्यावर, ठेच्यावर, मुळ्याच्या किसावरही असंच. पोटातून समाधान होतं. पामतेलाच्या काळात आम्ही भाकरीवर तेल घ्यायचंच विसरलो होतो, कारण त्याला चवच नसायची. कच्चं खायचं असेल तर या तेलाला मी पाचपैकी पाच देईन.

तळणाला मात्र एकही नाही. पहिल्याच आठवड्यात पुऱ्या केल्या. तेलाला फेस आला, मग घरभर धूर झाला, डोळे चुरचुरले. न शुद्ध केलेलं करडई तेल फार लवकर धुरावतं, आणि त्यातला मोठा भाग लिनोलेइक आम्ल या नाजूक चरबीचा, शंभरात सत्तरच्या वर, म्हणून जास्त तापलं की बिघडतंही लवकर. फोडणीसुद्धा मंद आचेवर, मोहरी तडतडली की लगेच भाजी टाकायची. कढईत उरलेलं तेल परत वापरायचं तर मुळीच नाही. परदेशातल्या मंडळींसाठी एक गोष्ट: माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याने तिकडच्या करडई तेलाच्या बाटलीचा फोटो पाठवला, त्यावर "हाय ओलेइक" असं होतं. ते वेगळ्या वाणाच्या करडईचं तेल, त्याची घडण ऑलिव्हच्या तेलाजवळ जाते आणि ते आच जास्त सोसतं. आपल्याकडच्या घाण्याचं तेल तसं नव्हे, त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे लावू नका.

एप्रिलमध्ये एक डबा खराब निघाला. पाच लिटरचा घेतला तर पन्नास रुपये सूट होती, म्हणून घेतला. प्लॅस्टिकचा पांढरा डबा, दुकानाच्या दारात रांगेने मांडलेले होते त्यातला. एप्रिलातलं सोलापूरचं ऊन मी सांगायला नको. दोन आठवड्यांत तेल खवट झालं, जुन्या खोबऱ्यासारखी चव. परत नेलं तर मालकाने वाद न घालता बदलून दिलं, हे त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. पण डबे अजून दारातच असतात. तेव्हापासून मी एका वेळी एकच लिटर घेते, बाटलीवर गाळपाची तारीख बघून. घरी आल्यावर झाकणाच्या स्टीलच्या बरणीत ओतून फडताळात ठेवते, शेगडीजवळ नाही. तळाशी थोडा गाळ बसतो, तो दोष नव्हे. काही गिऱ्हाईकं घरून कॅन आणून सुटं तेल भरून नेतात. खाद्यतेल असं सुटं विकायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे, आणि नियम सोडला तरी त्या कॅनमध्ये मागच्या महिन्याचं खवट तेल तळाला असतंच, ते नव्यालाही बिघडवतं. सीलबंद बाटली घ्या, तिच्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा.

आता ती भिंत.

गल्ल्याच्या मागे मोठा फलक होता: "घाण्याचे करडई तेल – कोलेस्टेरॉल मुळापासून घालवते, गोळ्यांपासून कायमची सुटका." खाली एक हसरं लाल हृदय. बाटलीवर ठळक अक्षरात "०% कोलेस्टेरॉल". मी दर महिन्याला त्या फलकासमोर उभी राहून पैसे मोजत होते आणि तो वाचत नव्हते. हे वाचत होते.

मेच्या सुरुवातीला औषधांच्या दुकानात माझी रक्तदाबाची गोळी आणायला गेले. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, काकांच्या त्या गोळ्या दोन महिने नेल्या नाहीत, दुसरीकडून घेता का?" घरी येऊन औषधांचा डबा उघडला. जुनीच पाकिटं होती, एकाला तर हात लागलेला नव्हता. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "अगं, तेल बदललंय ना आता. फेब्रुवारीतच थांबवली. गोळीने पाय दुखतात असं वाटायचं, आणि तिथे लिहिलंय तर खरं." मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. छातीत नळी बसवलेला माणूस, अडीच महिने गोळीविना, आणि मी रोज त्याच्या भाकरीवर प्रेमाने तेल वाढतेय.

दुसऱ्याच दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. एलडीएल १३९. गोळी चालू असताना ते ६८ होतं, आणि स्टेंट असलेल्या माणसाचं ७० च्या खालीच हवं असं डॉक्टरांनी पहिल्यापासून बजावलेलं. डॉक्टर ह्यांना रागावले नाहीत. पाय दुखण्याचं आधी नीट विचारून घेतलं, त्यासाठीची रक्ततपासणी केली, ती ठीक आली, आणि गोळी बदलून दिली. म्हणाले, "काका, त्रास होत असेल तर मला सांगा, मी बदलून देतो. पण तुमच्या तुम्ही थांबवू नका." ऑगस्टमध्ये पुन्हा तपासलं: ६१.

आमच्या घरात नकळत एक प्रयोगच झाला. चूल तीच, बनवणारी मीच. तेल बदललेलं असूनही गोळी थांबली तसा आकडा ६८ वरून १३९ वर गेला, आणि गोळी पुन्हा सुरू झाल्यावर ६१ वर उतरला. तेलाने काय होतं आणि काय होत नाही, ते या तीन आकड्यांत मला दिसलं. यामागचं कारण साधं आहे. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, आपलं यकृतच ते तयार करतं. गोळी तिथे जाऊन काम करते. तेल बदलल्याने थोडा उतार पडतो, पण ज्याला एकदा हृदयाचा त्रास होऊन गेलाय त्याला तेवढा पुरत नाही. आणि "०% कोलेस्टेरॉल" म्हणाल तर कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. पामतेलातही नाही. ते प्राण्यांच्या पदार्थांत असतं. बाटलीवरची ती ओळ खरी आहे, पण तिच्यातून जो अर्थ घेतला जातो तो खोटा आहे.

माझी लेक पुण्यात फार्मसीच्या कॉलेजात शिकवते. हा प्रकार कळल्यावर ती पहिल्या गाडीने आली. वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही पोत्याच्या तळातला दाणा काढून बघता, मग फलकाच्या तळाचं का नाही बघितलं?" तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली ती मला विसरता येत नाही. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात, सिडनीला, हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. साधारण निम्म्यांना लोण्या-चरबीच्या जागी करडईचं तेल आणि करडईच्या तेलाचं मार्गारिन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण मृत्यू त्यांच्यातच जास्त झाले. जुन्या नोंदी नव्याने तपासून हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स चरबी असावी, दोष तिचा असेल, असंही काही जाणकार म्हणतात. उलट अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र बघून सांगितलं की संपृक्त चरबीच्या जागी अशी तेलं आणली तर हृदयविकार सुमारे तीस टक्क्यांनी घटतात. दोन्ही ऐकून मी गोंधळले. लेक म्हणाली, "आई, करडई वाईट नाही. पण एकाच तेलावर सगळा भार टाकू नकोस, आणि आकडा उतरला म्हणजे सगळं झालं असंही समजू नकोस."

म्हणून आता फोडणीला घाण्याचंच शेंगदाणा तेल, वरून घ्यायला करडई. करडईत ओमेगा-३ जवळपास नसतं, त्यासाठी जवसाची चटणी. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं. जवस भाजून, लसूण-मिरची घालून आई करायची तशीच. रोज एक मोठा चमचा.

माझ्या मते खरा फरक पडला तो पुढच्या गोष्टीने, आणि ती दुकानात विकत मिळत नाही. लेकीने विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? मी म्हटलं, चार लिटर असेल. तिने गणित केलं: माणशी रोज ६१ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आम्ही दुपटीच्या वर होतो, आणि म्हातारपणी, बसून. तेल कुठलंही असो, घाण्याचं की कारखान्यातलं, एका ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्या.

मग मी किटली बाजूला ठेवली. किटलीतून धार धरली की हात थांबत नाही, चाळीस वर्षांची सवय. पहिल्या तारखेला दोघांचं मिळून पावणेदोन लिटर तेल मोजून बरणीत काढते, शेंगदाणा आणि करडई धरून, आणि महिनाभर तेवढंच पुरवते. भाजीत चमच्याने घालते. पहिला महिना फार अवघड गेला. पंधरा तारखेलाच बरणी अर्ध्याच्या खाली गेलेली. वांग्याची भाजी कोरडी वाटायची, ह्यांनी दोनदा ताट सरकवलं. मग युक्त्या सुचत गेल्या. वांगं आधी भाजून घेते, कांदा झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजवते, शेवटी वरून अर्धा चमचा कच्चं करडई तेल घालते. वास असलेलं तेल इथे कामाला येतं: अर्ध्या चमच्याने भाजीला चव येते, बिनवासाच्या तेलाला तेवढ्यासाठी पळी लागायची. या तेलाचं मला सगळ्यात मोठं कौतुक याचंच आहे, आणि ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही.

पैशाचंही बसतं. आधी चार लिटर दीडशेच्या भावाने सहाशे रुपये जायचे. आता महागाचं तेल घेऊनही साडेसहाशेच्या आसपास जातात.

माझं एलडीएल १५८ वरून ऑगस्टमध्ये १३४ आलं. गोळी अजून नाही, डॉक्टर म्हणतात सहा महिने बघू. यात पामतेल गेल्याचा वाटा किती, बरणीचा किती, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत चालण्याचा किती, आणि माझं तीन किलो वजन उतरल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. तेलालाच सगळं श्रेय देणारं परीक्षण वाचलंत तर सावध राहा.

अजून एक सांगते, कारण माझ्या वयाच्या बायकांच्या घरात हा प्रश्न असतो. माझी आई नव्वदीची, भावाकडे बार्शीला असते. मी उत्साहाने वहिनीला फोन करून आईचंही तेल मोजायला सांगितलं. वहिनीने त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजींचं वजन घटतंय, त्यांना पोटभर आणि आवडीचं खाऊ द्या, भाकरीवर तेल किंवा तूप वाढलंत तरी चालेल, या वयात अशक्तपणाची भीती जास्त. मला माझ्या घाईची लाज वाटली. ७२ च्या स्टेंटवाल्याचा नियम नव्वदीच्या कृश बाईला लागत नाही. प्रत्येकाला आपापल्या डॉक्टरांनाच विचारायला हवं.

त्या फलकाबद्दल मी मालकाशी बोलले. ह्यांचे तिन्ही रिपोर्ट पर्समध्ये घेऊन गेले आणि गल्ल्यावर ठेवले. आधी म्हणाला, "मावशी, सगळेच लावतात." मी म्हटलं, "बाळा, तुझं तेल चांगलं आहे, म्हणून तर मी सांगायला आले. वाईट असतं तर दुसरीकडे गेले असते." तो बराच वेळ रिपोर्टकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं की त्याच्या वडिलांनाही तीच गोळी आहे. पुढच्या आठवड्यात गेले तर "गोळ्यांपासून कायमची सुटका" या ओळीवर पांढरा कागद चिकटवलेला होता. "मुळापासून घालवते" तसंच आहे. ते काढायलाही मी सांगितलंय, पुन्हा सांगेन.

तेल ताजं मिळतं मंगळवारी आणि शनिवारी, गाळपाच्या दुसऱ्या दिवशी निवळल्यावर. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. एक लिटरची बाटली मागा, आतल्या फळीवरची, दारातली नको.